ऐकणारे सात संगणक

छताला टांगलेले सात संगणक. प्रत्येकाला एक मायक्रोफोन आणि पडद्यावर माणसाच्या कानाचं चित्र. दालनात कुणी नसलं की सातही जण एकमेकांना शब्द पुरवत पुरवत एका सुरात येतात आणि जप केल्यासारखे बोलत राहतात. मग कुणी प्रेक्षक एखाद्या मायक्रोफोनपाशी जाऊन चार शब्द बोलतो. ते यंत्र जपातून निसटतं, ऐकलेलं शेजाऱ्यांना सांगतं, आणि बघता बघता सगळा गलका होतो. भजनात एका टाळकऱ्याचा ठेका चुकावा आणि सगळ्यांचीच लय ढळावी, तसा. पुन्हा कुणी काही बोललं नाही, तर जप आपोआप जुळून येतो.

कॅनडाच्या डेव्हिड रोकबी यांनी २००१ मध्ये तिथल्याच बॅन्फ सेंटर या कलाकेंद्रासाठी केलेली ही कलाकृती, ‘एन-चान्ट’. पुढच्याच वर्षी तिला ऑस्ट्रियातल्या ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ महोत्सवाचा संवादी कलेसाठीचा ‘गोल्डन निका’ पुरस्कार मिळाला. रोकबी त्याआधी बरीच वर्षं ‘द गिव्हर ऑफ नेम्स’वर काम करत होते. त्यात समोर ठेवलेल्या वस्तू कॅमेऱ्यातून पाहून संगणक वाक्यं रचतो. कुठल्या शब्दावरून कुठला शब्द सुचावा, याचं त्यासाठी विणलेलं जाळं इथे कामी आलं.

बोलणं ओळखणारं सॉफ्टवेअर तेव्हा कच्चं होतं. घरच्या संगणकावर ते वापरायचं तर आधी उतारे वाचून दाखवून त्याला आपल्या आवाजाची सवय लावावी लागे. कलादालनात येणारा प्रत्येक आवाज अनोळखी, म्हणजे ऐकण्यात चुका होणारच. कार्यालयात पत्र सांगताना अशा चुकांनी डोकं उठलं असतं. इथे चुकीचा ऐकलेला शब्दही यंत्राला नवं खाद्य देतो.

मला मात्र सगळ्यात हुशारीची वाटते ती कानाची युक्ती. आवाज आला की कानामागे हाताचा द्रोण होतो. यंत्र विचारात असलं की कानात बोट. फारच मारा झाला, तर तळव्याने कान झाकलेला. सूचनांचा फलक लागत नाही; समोरच्याला आत्ता ऐकायचं आहे की नाही, हे पोरालाही कळतं.

गोलन लेव्हिन आणि झॅकरी लीबरमन यांच्या ‘रीमार्क’ (२००२) या कलाकृतीतही न ओळखलेला उच्चार फुकट जात नाही, त्याच्या नादानुसार पडद्यावर एक आकार उमटतो. तीही छानच, पण ती प्रेक्षकाच्या तोंडाकडे बघत बसते. रोकबींच्या यंत्रांचं आपसात काहीतरी चाललेलं असतं आणि आपण त्यात नाक खुपसतो.

आज फोनमधलं बोलणं ओळखणारं तंत्र कितीतरी अचूक झालंय आणि ते वापरून कलाकृती करणंही सोपं झालंय. तशा खटपटीत असलेल्या तरुणांनी आपल्या यंत्राच्या चुका पुसून टाकण्याआधी हे सात संगणक एकदा नीट अभ्यासावेत.