पावसाळ्यात जेट बदलण्याआधी



आपल्या मावळातील काही कातकरी व ठाकर वाड्यांवर रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथून वर आधार असतो तो वाडीतल्याच कुणाच्या तरी जुन्या मोटारसायकलचा. गेल्या आषाढात बाळंतवेणा सुरू झालेल्या एका ताईला खाली आणताना आमच्या एका कार्यकर्त्याची गाडी चिखलात दोनदा बंद पडली. ताई वेळेवर पोहोचली, पण जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी त्याने कार्बोरेटरचे जेट बदलून घेतले. आठवड्याभरात गाडी पुन्हा बंद!

असे का झाले?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोलचे माप इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवू लागली. जुन्या गाडीत ते काम जेट करते. जेट म्हणजे बारीक भोक असलेला पितळी तुकडा. भोक तेवढेच राहते, हवा मात्र बदलते. थंड हवा दाट असते; गरम किंवा उंचावरची हवा विरळ. हवा विरळ झाली की त्या मानाने पेट्रोल जास्त होते, गाडी धूर सोडते, दम खाते. हवा दाट झाली की पेट्रोल कमी पडते, सकाळी चोक ओढावा लागतो.

खोपोलीहून खंडाळ्याला सुमारे ५०० मीटर चढल्यावर हवा साधारण ५ टक्के विरळ होते. पण खंडाळ्यातच थंडीतली १२ अंशांची पहाट आणि उन्हाळ्यातली ३७ अंशांची दुपार यांत ८ टक्के फरक पडतो. एवढ्यासाठी सहसा जेट बदलावे लागत नाही. स्क्रूची थोडी फिरवाफिरव पुरते.

पावसाळ्यात मात्र दोष बहुधा दुसरीकडेच असतो. म्हणून या क्रमाने पाहा:

१. एअर फिल्टर. ओला किंवा चिखलाने भरलेला असेल तर हवा अडते. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. कागदी असेल तर बदला.

२. कार्बोरेटरची वाटी. पेट्रोलमधले इथेनॉल पाणी ओढते आणि ते पाणी वाटीच्या तळाशी साचते. इंजिन थंड झाल्यावर, पेट्रोलचा कॉक बंद करून, वाटीखालचा स्क्रू सैल करा व पाणी काढा. जवळ विडी-काडी नको.

३. प्लग. विटकरी रंग म्हणजे ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी.

४. एवढे करूनही दोष राहिला तरच स्क्रू. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यावर पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर. एका वेळी पाव फेराच फिरवा आणि किती फिरवला ते लिहून ठेवा.

आमच्या कार्यकर्त्याच्या गाडीचा फिल्टर चिंब भिजला होता. तो बदलला, जुने जेट परत बसवले, आणि गाडी नीट चालू लागली.

तरुण मित्रांनो, मृगाचा पाऊस पडण्याआधी वाडीतल्या प्रत्येक गाडीची ही तपासणी एकत्र बसून करा. रात्री कुणाला खाली न्यावे लागेल, हे सांगता येत नाही.