दाद द्यायला आलेले भूत

मिनामोतो नो त्सुनेनोबू (१०१६–१०९७) हा क्योतोच्या दरबारातला मोठा मानकरी. जपानी कविता, चिनी कविता आणि संगीत, तिन्हींत त्याचा हात धरणारे थोडेच. त्याला भेटलेल्या भुताची गोष्ट ‘सेंजूशो’ या तेराव्या शतकातल्या कथासंग्रहात येते.

शरदातली चांदणी रात्र. त्सुनेनोबू घरी चंद्र पाहत बसलेला. तेवढ्यात लांबून धपधप आवाज आला. कोणीतरी कापडाला कुंदी करत होते. ओलसर कापड ठोकळ्यावर ठेवून लाकडी मोगरीने बडवले की ते मऊ होते, त्याला तकाकी येते. थंडीचे कपडे तयार करायचे हे काम बायकांचे. चीन-जपानच्या कवितेत तो आवाज ऐकू आला, की दूर गेलेल्या नवऱ्यासाठी कोणीतरी जागते आहे, असे समजायचे. त्सुनेनोबूच्या तोंडून त्याच आवाजावरची एक जुनी जपानी कविता सहज निघाली.

समोरच्या झाडीतून उत्तर आले! अंगावर काटा आणणाऱ्या आवाजात कोणीतरी कुंदीवरच्याच चिनी ओळी म्हणत होते. पाहतो तो माणसाच्या दुपटीहून उंच, केस ताठ उभे राहिलेली आकृती. त्याने हाचीमान देवाचा धावा केला. आकृती काहीही इजा न करता नाहीशी झाली. हा क्योतोच्या सुझाकू दरवाजावरचा राक्षस असावा, असे त्सुनेनोबूला वाटले, कारण तो राक्षस काव्याचा शौकीन म्हणून प्रसिद्ध होता.

शौकीन आणि जाणकारही. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला फुजिवारा नो किंतो याने ‘वाकान रोएइशू’ हा संग्रह केला. त्यात एकेका विषयावरच्या चिनी आणि जपानी रचना म्हणण्यासाठी शेजारी शेजारी मांडल्या आहेत, आणि कुंदी हा त्यातला एक विषय. जपानी कवितेला चिनी ओळींनी दाद देणारे हे भूत दरबारी रिवाज चोख पाळत होते.

उतागावा कुनियोशीने १८४०च्या सुमारास शंभर कवींच्या प्रसिद्ध संग्रहावर लाकडी ठशांच्या चित्रांची मालिका काढली. त्या संग्रहात त्सुनेनोबूची कविता आहे ती भातशेतावरून येणाऱ्या शरदाच्या वाऱ्याची. कुनियोशीने चित्रात आणला तो आभाळ व्यापणारा राक्षस, आणि त्याच्यापुढे बसलेला कवी. अशा चित्रांत रंगागणिक वेगळा ठसा लागे. रात्रीचे आभाळ गडदाकडून फिक्याकडे न्यायचे, तर छपाई करणारा प्रत्येक प्रतीसाठी ठशावरचा रंग हाताने पुसत पातळ करी.

कुनियोशीचा शिष्य योशितोशी यानेही १८८५ ते १८९२ या काळातल्या आपल्या चंद्रावरच्या शंभर चित्रांत ही कथा घेतली. जपानी चित्रांत सूड उगवणारी भुते पुष्कळ सापडतात. कविता ऐकून थांबलेले हे भूत त्या सगळ्यांत उजवे आहे.