सांगड, ठाव आणि गटांगळी : मराठवाड्यातील पोहण्याची परिभाषा

हंगेरीतील बालातोन सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५९४ चौरस किलोमीटर असले, तरी त्याची सरासरी खोली तीन मीटरांहून किंचितच अधिक आहे. दक्षिण किनाऱ्याला तर बरेच अंतर चालत गेल्यावाचून पाणी कमरेला लागत नाही. उन्हाळ्यात तेथे लहानथोरांचा सहकुटुंब जलविहार चालतो, तो या उथळपणामुळे. सरोवराचे नावही ‘चिखल, दलदल’ या अर्थाच्या स्लाव्ह शब्दावरून आलेले आहे. जलाशयाची प्रकृती भाषेत उतरते ती अशी.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील स्थिती याहून भिन्न आहे. नांदेडला गोदावरीचे घाट आहेत. परंतु उन्हाळ्यात लहान नद्या-ओढे आटले, म्हणजे खेड्यातील मुलांची पोहण्याची शाळा भरे ती विहिरीत. विहिरीला उथळ काठ नसतो. शेवटची पायरी सुटली की पायाला ठाव लागत नाही. साहजिकच येथील शब्दसंपत्ती खोलीभोवती फिरते. डोके खाली करून मारावयाचा तो ‘सूर’, गुडघे पोटाशी घेऊन मारावयाचा तो ‘मुटका’, आणि नवशिका खालीवर होतो त्या ‘गटांगळ्या’. ‘मनाचा ठाव घेणे’ हा वाक्प्रचार याच अनुभवाचे अपत्य होय.

‘पोहणे’, बोलीतील ‘पवणे’, याचा संबंध संस्कृत ‘प्लु’ धातूशी जोडला जातो. ‘तरणे’ मात्र ‘तॄ’ धातूपासून आले. हिंदीत ‘तैरना’ हे एकच क्रियापद दोन्ही अर्थ वाहते. मराठीने ते वेगळे राखले आहेत : दमलेला पोहणारा बुडू शकतो, वाळका भोपळा मात्र तरतो.

नवशिक्याच्या पाठीला असा भोपळा बांधीत. असे भोपळे किंवा होड्या एकत्र बांधून केलेले तरणसाधन म्हणजे ‘सांगड’. शब्दाचे मूळ संस्कृत ‘संघाट’, म्हणजे जोडणी. मल्याळममधील ‘चङ्ङाडम्’ हा तराफावाचक शब्द त्याच कुळातला असून तो पुढे पोर्तुगीज भाषेत ‘जांगाडा’ या रूपाने गेला. विचारांची ‘सांगड घालणाऱ्या’ लेखकाच्या हाती अशा रीतीने नदी ओलांडण्याचेच एक साधन असते.

हे पाणी आता खात्रीचे राहिलेले नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उघड्या विहिरींच्या जोडीला कूपनलिका आल्या. त्यांच्या वीतभर तोंडातून पाणी वर येते, पण त्यांत सूर मारता येत नाही. लाक्षणिक अर्थ ग्रंथांच्या आधारे टिकतील. मूळ क्रियांची नावे मात्र त्या क्रिया करणाऱ्यांच्या स्मरणातच असतात. म्हणून बोलीच्या अभ्यासकाने शब्दासोबत कृतीचे वर्णनही वृद्ध भाषकांकडून आजच टिपून घेणे अगत्याचे आहे. एरवी कोशात ‘मुटका’ सापडेल, पण तो कसा मारावयाचा हे सांगणारा सापडणार नाही.