ओळख आधी, माया नंतर

गेल्या वेळी आपण ‘विश्वास’ या शब्दाबद्दल बोललो. आज तोच धागा पुढे नेतो, पण एका कुत्र्याच्या निमित्तानं.

चार वर्षांपूर्वी इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरून आम्ही मोत्याला बारामतीला आणलं. वय साधारण चार. तोवरचं आयुष्य गोठ्याच्या खांबाला, साखळीवर. आम्हाला वाटलं, पोटभर खायला घालू, लाड करू, महिन्याभरात रुळेल. पंधराव्या दिवशी तो खात असताना मी डोक्यावरून हात फिरवायला गेलो, आणि त्यानं हात फोडला. जखम १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतली, लगेच जाऊन रेबीजची लस सुरू केली. हे तुम्हीही विसरू नका. घरचे म्हणाले, परत सोडून या. नातवंडं येतात, त्यांचं काही चुकत नव्हतं. पण परत म्हणजे पुन्हा साखळी.

मग मी वाचायला लागलो. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि एलियट या अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लं उंच कुंपणाच्या आत, माणसाच्या सहवासाशिवाय वाढवली. १४ आठवड्यांपर्यंत ज्यांना माणसाचा हात लागला नाही, ती पुढे रानातल्या जनावरासारखी बिचकायची. स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ च्या ग्रंथात हा ओळखीचा काळ साधारण ३ ते १२ आठवडे असा मांडला. त्या दिवसांत पिल्लू जे बघतं, ते त्याला आपलं वाटतं. आपल्याकडं धनगराचं कुत्रं मेंढरांतच वाढतं, म्हणून कळपात ते निवांत असतं. मोत्याच्या जगात काय होतं? एक मालक, दोन म्हशी आणि साखळी पोहोचेल तेवढी जमीन.

आता प्लेटो बघा. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो, अनोळखी माणसानं काही वाईट केलं नसलं तरी कुत्रा भुंकतो, ओळखीच्यानं काही दिलं नसलं तरी शेपूट हलवतो. म्हणजे त्याची माया ज्ञानावर उभी असते. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, पण मोत्याला माया देत बसलो. त्याला हवी होती ओळख.

मग काय केलं? आधी पशुवैद्याकडून तपासून घेतलं, कारण दुखणाऱ्या जनावराला काही शिकवता येत नाही. जेवण रोज त्याच वेळी, त्याच जागी. खाताना कुणी जवळ जायचं नाही. गुरगुरला तर रागवायचं नाही. तो इशारा आहे. इशारा दाबला की पुढच्या वेळी थेट चावा. पाहुणे आले की तो मागच्या खोलीत, दाराला कडी. नातवंडं एकटी त्याच्याजवळ कधीच नाहीत.

गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात, तेव्हा तो थरथरायचा. आम्ही रस्त्यापासून इतकं लांब बसायचो, की त्याला ट्रॅक्टर दिसेल, पण तो खाणं सोडणार नाही. ट्रॅक्टर दिसला की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. आठवड्यानं चार पावलं पुढं. खाणं सोडलं, की पुन्हा मागं. अख्खा हंगाम यात गेला.

आजही तो पाहुण्यांत येत नाही, आणि बहुधा कधी येणारही नाही. ते सुरुवातीचे आठवडे आपण परत आणू शकत नाही. पण गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी वाचत बसलो होतो, तर आपणहून येऊन पायाशी बसला. मी हात लावला नाही. पुस्तकाचं पानसुद्धा जरा वेळानं उलटलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.