नारिंगी फुलपाखरू: बिबळ्या कडवा की त्याची नक्कल?

रुईच्या झुडपाभोवती रमतगमत उडणारं नारिंगी फुलपाखरू दिसलं की आपण बिनदिक्कत 'प्लेन टायगर', म्हणजे बिबळ्या कडवा, म्हणून मोकळे होतो. थांबा. आधी मागचे पंख बघा. मधोमध तीन-चार काळे ठिपके असतील तर तो प्लेन टायगरच: मादीला तीन, नराला चार. नराचा चौथा ठिपका म्हणजे त्याची गंधपिशवी. त्याऐवजी मागच्या पंखाच्या फक्त वरच्या कडेला एकच ठिपका असेल, तर ती डॅनेड एगफ्लायची मादी!

प्लेन टायगरच्या अळ्या रुई खातात आणि तिचं विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायच्या अळ्या घोळीसारख्या बिनविषारी भाजीवर वाढतात. मग ही बाई रूपच काय, चालही उचलते, अगदी तशीच संथ उडते. नर मात्र साफ वेगळा: काळेभोर पंख, त्यावर जांभळट झाक असलेले पांढरे गोल. जोडी शेजारी बसली तरी एकाच जातीची वाटणार नाही.

फोटो काढताना पंख पूर्ण उघडेपर्यंत दम धरा. पुढच्या पंखांवरून फरक कळणं कठीण, तिथे नक्कल जवळपास हुबेहूब आहे.