बादलीतलं पैठण

क्रांती चौकातून पैठण जेमतेम पन्नास किलोमीटर. तरी आमच्या हॉस्टेलची निम्मी पोरं चार वर्षांत तिकडं फिरकत नाहीत. पण मित्रांनो, रोज सकाळी आपण ज्या पाण्यानं अंघोळ करतो (पाणी आलं तर!), ते पैठणहूनच येतं. म्हणून एका रविवारी आम्ही तिघं एसटीत बसलो.

पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तकात त्याची नोंद आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांची वाट! संत एकनाथ इथलेच. 1599 मध्ये त्यांनी गोदावरीत देह ठेवला. नाथषष्ठीला आजही दिंड्या येतात. आणि पैठणी? हातमागावर विणलेला तिचा पदर उलटा-सुलटा सारखाच दिसतो.

आता आपल्या कामाचं. जायकवाडी धरणाचं भूमिपूजन 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं, 1976 ला उद्घाटन. मातीची भिंत सुमारे 10 किलोमीटर, दरवाजे 27. जलाशयाचं नाव नाथसागर.

गंमत अशी की धरण खाली आणि शहर वर. फरक साधारण 100 मीटरचा. म्हणजे पाणी आपोआप येत नाही, पंपानं चढवावं लागतं. हिशोब करा: 15 लिटरची बादली 100 मीटर उचलायला 15 × 9.8 × 100, म्हणजे जवळपास 14,700 ज्यूल. तेवढ्या ऊर्जेत साठ किलोचा रूममेट आठ मजले वर जाईल! पाइपातलं घर्षण आणि पंपाची घट यात धरलेलीच नाही.

परतताना टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुठली रं पोरं?" शहराचं नाव सांगितलं. ते जलाशयाकडं बोट दाखवून म्हणाले, "तुमच्याकडं जे पाणी येतंय ना, त्याच्याखाली आमचं गाव हाय." पुढं काय बोलावं, आम्हाला सुचेना. अशी शंभरावर गावं त्या पाण्याखाली गेली आहेत.

रात्री हॉस्टेलवर आलो तर बाथरूममधला नळ सुरूच, बादली भरून वाहत होती. इतर वेळी मीही तसाच पुढं गेलो असतो. त्या दिवशी मात्र आधी नळ बंद केला.

तुम्हीही एकदा पैठणला जाऊन या. निघताना नळ तेवढा बघा!