‘ओके’ची खूण

सोमवार, सकाळचे साडेनऊ. बाह्यवळण महामार्गालगत, वाकडच्या अलीकडे असलेल्या या सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून मी गाडी आत घेते. घरून इथवर चाळीसच्या वर काटा जाऊ दिलेला नाही. शेजारी अण्णा बसलेत. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत त्यांचा जुना टी-पाना. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. निवृत्तीला सोळा वर्षं झाली, तरी पाना मात्र घरातल्या कपाटात तेल लावून ठेवलेला असतो.

टॅबलेट हातात घेऊन सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पुढे येतो. पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर खरंखुरं आश्चर्य.

“मॅडम, परवाच नेली ना तुम्ही गाडी? काय झालं?”

“डावं पुढचं चाक निघायला आलं होतं,” मी म्हणते. “काल. कापूरहोळजवळ.”

त्याची बोटं टॅबलेटवर थांबतात.

काल रविवारी आम्ही वाईला निघालो होतो. शनिवारी संध्याकाळी गाडी चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग करून घरी आलेली. चाकांची अदलाबदल, ब्रेकची सफाई, ऑइल, फिल्टर, सगळं बिलात होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत काही जाणवलं नाही. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. पाठोपाठ टक्‌टक्‌ असा आवाज, वेगाबरोबर वाढणारा. अण्णा एवढंच म्हणाले, “बाजूला घे. ब्रेक जोरात दाबू नकोस.” कापूरहोळला पंक्चरवाल्याने व्हील कव्हर काढलं तेव्हा चारातला एक नट नव्हताच. दोन नट बोटांनी फिरत होते. चौथ्यावर चाक तगलेलं. पुढे खंबाटकीचा घाट होता. मागच्या सीटवर आई आणि माझी आठ वर्षांची मुलगी होती.

हे सगळं मी अ‍ॅडव्हायझरला सांगते. तो ऐकतो, मान हलवतो, टाइप करतो. मग टॅबलेट माझ्यापुढे धरतो. “इथे सही करा मॅडम, जॉब कार्ड उघडतो.”

मी वाचते. ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात इंग्रजीत एकच ओळ आहे. तिचा अर्थ : पुढच्या डाव्या चाकातून आवाज येतो.

“आवाज येतो ही माझी तक्रार नाही,” मी सांगते. “तुमच्या सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्या दिवशी चाकाचे नट सैल सापडले, एक पडून गेला, ही तक्रार आहे. तसं लिहा.”

“सिस्टीममध्ये ठरलेले पर्याय असतात मॅडम. त्यातूनच निवडावं लागतं.”

“मग प्रिंट काढा, मी खाली हाताने लिहिते.”

तो आतल्या केबिनकडे बघतो. जाऊन येतो. प्रिंट निघते. मी लिहिते, तारीख-वेळ घालते, सही करते आणि त्या कागदाचा फोटो काढते. यात दहा मिनिटं जातात. ही दहा मिनिटं फार मोलाची आहेत असं मला मनापासून वाटतं. ‘आवाज येतो’ या ओळीखाली माझी सही गेली असती, तर कालचा रविवार कागदावरून पुसला गेला असता.

काचेपलीकडे वर्कशॉप दिसतं. ग्राहकांच्या बैठकीत सोफे, कॉफीचं यंत्र, भिंतीवर टीव्ही. अण्णा बसत नाहीत. काचेला नाक लावून उभे राहतात. आमची गाडी लिफ्टवर चढते. “आत जायचंय,” ते म्हणतात. आत जायला ग्राहकांना परवानगी नाही, सुरक्षेचा नियम आहे. नियम रास्त आहे, हे अण्णाही मान्य करतात. मग वर्क्स मॅनेजर येतात, स्वतःसोबत आम्हाला आत नेतात. चाळिशीचे गृहस्थ, बोलणं मऊ.

चाक उतरतं. अण्णा चष्मा पुसून वाकतात. हबवरच्या चार बोल्टांपैकी दोघांचे आटे गेलेत. जुन्या कंगव्याचे दात मोडावेत तसे. एकाच्या आट्यात धातूची बारीक तार अडकलीय, उजेडात चमकतेय. अण्णा ती नखाने काढतात आणि रुमालावर ठेवतात. मग चाक फिरवून रिमच्या भोकांवरून बोट फिरवतात. तीन भोकं गोल आहेत. चौथं एका बाजूला घासून लांबट झालंय, कडेला ताजा, पांढरा धातू.

“हे चाक चालणार नाही,” ते म्हणतात. “बोल्ट चारही बदला. दोन गेले म्हणजे उरलेल्या दोघांनी सगळा भार खाल्लाय. आणि हब सरळ फिरतोय का ते डायल लावून बघा.”

मॅनेजर लगेच हो म्हणतात. चार स्टड, चार नट, एक रिम, सगळं मोफत. पुढच्या सर्व्हिसिंगची मजुरी माफ. शिवाय गाडीला पॉलिश. “मॅडम, चूक झाली. आम्ही सॉरी म्हणतोय ना.”

“ते लिहून द्या,” मी म्हणते.

“लिहून कशाला? मी स्वतः समोर उभा आहे.”

समोर उभा असलेला माणूस उद्या बदली होऊन जातो. हे मी त्यांना बोलत नाही. मी शनिवारचं जॉब कार्ड आणि त्याच्यासोबतचा तपासणीचा कागद मागते.

कागद यायला अर्धा तास लागतो. चाळीसेक बाबींची यादी आहे. दिवे, वायपर, बॅटरी, कूलंट, टायरमधली हवा. प्रत्येकीपुढे चौकट, प्रत्येक चौकटीत निळ्या शाईची बरोबरची खूण. मी एकेक खूण बघत खाली येते. सगळ्या एकाच तिरकस वळणाच्या, एकाच दाबाच्या, एकीचं शेपूट दुसरीच्या चौकटीत शिरलेलं. शाळेत आम्ही वर्गाची हजेरी घेतो, तेव्हा प्रत्येक मुलाकडे मान वर करून बघावं लागतं. म्हणून हजेरीपटावर खुणा सारख्या पडत नाहीत. इथे मान वर झालेलीच नाही. यादीच्या मध्यावर ओळ आहे : व्हील नट, टॉर्क तपासला. पुढे तीच खूण. खाली ‘ओके’, आणि सही.

“टॉर्क रेंच कुठंय?” अण्णा विचारतात.

ज्या मुलाने शनिवारी आमची गाडी केली त्याला बोलावलं जातं. लातूरकडचा आहे, आयटीआय झालेला, विशी-एकविशीचा. हात पुसत येतो, नजर जमिनीवर. मॅनेजर आमच्यासमोरच त्याला म्हणतात, “तुला किती वेळा सांगितलं? आजच मेमो देतो.”

अण्णा हाताने त्यांना थांबवतात. मुलाला विचारतात, “बाळा, नट कशाने आवळलेस?”

“गनने, काका.”

“चाक अधांतरी असताना?”

“हो. लिफ्टवर.”

“मग खाली उतरवल्यावर हाताने पाना लावलास?”

मुलगा गप्प. मग हळू आवाजात म्हणतो, “गाडी लगेच वॉशिंगला मागितली. शनिवार होता. लिफ्ट मोकळी करा म्हणाले.”

हवेवर चालणारी गन नट पटकन बसवते. पण तिच्या आवाजावरून नट पुरेसा आवळला की नाही हे कळत नाही. गनमध्ये हवेचा दाब कमी असला, किंवा नट किंचित तिरका धरला गेला, तरी ती तसाच खडखडाट करते. म्हणून नट आधी हाताने दोन-तीन आटे चढवायचे, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, म्हणजे चाक हबवर सपाट बसतं. गाडी जमिनीवर टेकली की शेवटचा आवळा टॉर्क रेंचने. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापाला तो ‘कट्‌’ असा आवाज देतो. छोट्या गाडीला हे माप साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. चार नटांना मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत. कमी आवळला तर सुटतो, वाजवीपेक्षा जास्त आवळला तर बोल्ट ताणला जातो. अण्णा हे मला कालपासून तीनदा सांगून झालेत आणि मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

“या मुलाच्या नावाचा मेमो मला नको,” मी मॅनेजरांना म्हणते. “त्याच्याकडून राहिलं, हे तो कबूल करतोय. पण चाकं तपासली असं सही करून सांगणारा माणूस दुसरा आहे. राहिलेलं पकडायलाच ती तपासणी असते. तिचं काय?”

मॅनेजर काही बोलत नाहीत. मुलगा पहिल्यांदा वर बघतो.

दुपारचा एक वाजतो. स्टड पुण्यातल्या गोदामातून येणार, काम उद्यावर जाणार. पत्राचा विषय मी सोडत नाही, तेव्हा मॅनेजर म्हणतात, “तुम्ही ग्राहक कोर्टात जायचं म्हणताय का?”

“अजून नाही. पण वाट माहीत आहे.”

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. अण्णा तेव्हा तरुण होते आणि तिच्या सभांना जायचे. पावती फेकायची नाही, तोंडी आश्वासन घ्यायचं नाही, ही शिस्त आमच्या घरात तिथून आली. पुढे १९८६ मध्ये कायदा झाला. २०१९ मध्ये त्या जागी नवा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्द त्यात आहे. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. हे मी त्यांना शांतपणे सांगते. माझा आवाज थोडा कापतो, कारण बोलताना मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. तो टक्‌टक्‌ आवाज ती ताल धरून मोजत होती.

मॅनेजर लेटरहेड मागवतात. पहिला मसुदा येतो : ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार चाकाचे नट सैल आढळले.’

मी ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार’ या शब्दांवर बोट ठेवते. “आटे गेलेले तुम्ही स्वतः बघितलेत. माझ्या म्हणण्याचा प्रश्न कुठे उरला?”

ते पेन उचलतात. बराच वेळ कागदाकडे बघतात. मग ते शब्द खोडतात आणि हाताने लिहितात : ‘आमच्याकडील सर्व्हिसिंगमध्ये पुढच्या डाव्या चाकाचे नट ठरलेल्या मापाने आवळले गेले नाहीत व अंतिम तपासणीत ते तपासले गेले नाहीत.’ खाली सही, शिक्का. मी ते अण्णांना वाचून दाखवते. अण्णा कागद हातात घेतात, स्वतः पुन्हा वाचतात, चार घड्या करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतात.

मंगळवार, संध्याकाळचे चार. नवे स्टड बसलेत, रिम बदललंय. हब डायल लावून तपासल्याचा आकडा कागदावर आहे. गाडी जमिनीवर टेकलेली. कालचाच मुलगा टॉर्क रेंच घेऊन बसतो. डावं पुढचं चाक. कट्‌. समोरचा. कट्‌. उरलेले दोन. कट्‌, कट्‌. मग न सांगता तो बाकीच्या तीन चाकांकडे वळतो. त्यातल्या मागच्या उजव्या चाकाचा एक नट कट्‌ आवाजाआधी चांगला पाव वेढा फिरतो. मुलगा थांबतो, मॅनेजरांकडे बघतो. मॅनेजर स्वतः खाली बसतात आणि रेंच हातात घेतात. शेवटी मुलगा पिवळ्या मार्करने प्रत्येक नटावरून बोल्टाच्या टोकावर एक सरळ रेघ ओढतो. नट हलला तर रेघ तुटेल.

अ‍ॅडव्हायझर ‘पूर्ण समाधान’ असं छापलेला कागद पुढे करतो. मी त्यावर लिहिते : ‘सोबतचे पत्र पाहावे. मागच्या उजव्या चाकाचा नटही सैल निघाला.’ आणि मग सही करते. काढलेले चारही जुने बोल्ट आणि नट मी मागून घेते. ते एका प्लास्टिकच्या पिशवीत येतात. त्यात एक नट वेगळा आहे, गंजाचे डाग असलेला. तो कापूरहोळचा. पंक्चरवाल्याने आपल्या डब्यातले पाच-सहा नट बोटांनी फिरवून बघितले होते. बसला तो लावून दिला आणि पैसे घेतले नव्हते.

चाकं काढून बसवली की पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत असं अण्णांचं म्हणणं. “मग तिकडेच जाऊ,” ते म्हणतात. वारजे, नवले पूल, बोगदा. नवले पुलाशी मी समोरच्या उताराकडे बघते. परवा तीन नटांवर आणि एका उसन्या नटावर मी तो उतार उतरून घरी आले होते, आणि माझ्या पाठीमागे ट्रक होते.

कापूरहोळला पोहोचेपर्यंत दिवे लागलेत. पंक्चरवाला टायरच्या ढिगाशी बसलेला. आम्हाला ओळखतो. अण्णा त्याचा नट त्याच्या हातावर ठेवतात, सोबत पैसे. तो नट डब्यात टाकतो, पैसे परत करतो.

“काय म्हणाली कंपनी, ताई?”

“लिहून दिलं.”

“थांबा,” तो म्हणतो. मोबाइलचा दिवा लावून डाव्या पुढच्या चाकापाशी बसतो. पिवळ्या रेघा चारही सरळ आहेत. तरी तो अण्णांचा पाना मागून घेतो, पहिल्या नटावर चढवतो आणि दोन्ही हातांनी हलकेच जोर लावून बघतो.